अर्धी विटी झेलली तर

गोल्फच्या नियमपुस्तकात साप दोन प्रकारचे असतात. मेलेला साप हा सुटा अडथळा, पाला-काटक्या-गोटे यांच्या रांगेतला. उचला, बाजूला टाका आणि खेळा. जिवंत साप म्हणजे बाहेरचा हस्तक्षेप. त्याची रांग प्रेक्षकांची आणि कुत्र्यांची. इथवर कुणाची तक्रार नसावी. पण त्याच पुस्तकात गांडूळ जिवंत असलं तरी सुटा अडथळाच, आणि किडे, मुंग्या, त्यांची वारुळं, जाळीसुद्धा. म्हणजे जीव आहे की नाही हा मुद्दाच नाही. सहज उचलता येतो की नाही, एवढंच बघायचं. उपनिषदांच्या काळापासून चाललेला वाद गोल्फवाल्यांनी एका व्याख्येत मिटवला. फक्त साप मेलाय की नुसता पडलाय, हे बघायला कुणी जायचं? प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही, तेव्हा ज्याचा चेंडू त्यानंच जायचं. साप विषारी असेल तर दंड न भरता चेंडू दुसरीकडून खेळायची मुभा आहे, हे मात्र खरं. सोयाबीन सोंगताना अशी मुभा असती तर आमच्या भागातली काही माणसं वाचली असती.

मी आसेगावचा; वाशीम जिल्हा, मंगरुळपीर तालुका. इथं गोल्फ नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत. काळ्या जमिनीत पावसाळ्यात रुतलेली चप्पल वर येत नाही, तिथं चेंडू काय येणार! तरी ऑगस्ट २०२१मध्ये टोकियो ऑलिम्पिकात अदिती अशोक पदकाच्या तोंडाशी आली, तेव्हा सगळा देश सकाळी उठून गोल्फ बघत होता आणि आमच्या पारावरही एका मोबाइलभोवती घोळका होता. ती चौथी आली. कुणाला नियम कळत नव्हते, पण हळहळ पुरेपूर होती. त्या घोळक्यातले एक आजोबा शेवटी वैतागून म्हणाले, "इतक्या दुरून काठीनं मारत बसण्यापरीस जाऊन हातानंच टाका नं भोकात!"

पोट्टे हसले. पण बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं १९७८ साली 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक लिहिलं, त्याचा गाभा आजोबांच्या या प्रश्नातच आहे. चेंडू भोकात घालणं हेच साध्य असेल तर हातानं टाकणं सगळ्यांत सोपं. ते सोपं साधन मुद्दाम वर्ज्य करायचं, अवघड साधन पत्करायचं, आणि तेही केवळ खेळता यावं म्हणून. सूट्सच्या मते याचंच नाव खेळ. आजोबांनी आयुष्यभर कोरडवाहू शेती केली. अडचण आपणहून ओढवून घेण्याची कल्पना त्यांना विनोदी वाटली, यात नवल नाही.

गोल्फचे पहिले लेखी नियम १७४४ साली स्कॉटलंडमध्ये लीथ इथं झाले, तेव्हा ते तेराच होते. आजच्या पुस्तकात पंचवीस आहेत, पण एकेका नियमाच्या पोटात इतकी पोटकलमं की तलाठी कार्यालयाची आठवण यावी. त्यात बर्फाचं कलम माझं विशेष आवडतं. जमिनीवर पडलेलं हिम किंवा नैसर्गिक बर्फ हा सुटा अडथळा मानायचा की साचलेलं पाणी, हे खेळाडूच्या मर्जीवर सोडलेलं आहे. म्हणजे गाराही आल्या. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, शेतात पांढरे थर साचले, हरभरा-गहू झोपला. त्या थराला घन म्हणावं की द्रव, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही. गोल्फ खेळणाऱ्याला सुचतो, आणि पुस्तक त्याला सांगतं, तुम्ही म्हणाल ते. दवाला मात्र ही सवलत नाही. दव हा सुटा अडथळा नाही आणि साचलेलं पाणीही नाही. नेति, नेति. मग दव आहे तरी काय, ते पुस्तक सांगत नाही.

काळाच्या बाबतीत हेच पुस्तक एकदम कडक होतं. चेंडू भोकाच्या काठावर लोंबकळत थांबला, तर खेळाडूनं तिथवर नेहमीच्या चालीनं जायचं आणि दहा सेकंद थांबायचं. तेवढ्यात पडला तर आधीच्या फटक्यातच गेला असं धरतात. अकराव्या सेकंदाला पडला तरी गेलाच, पण एक फटका दंडाचा वाढतो. भोक तेच, चेंडू तोच, त्याला ढकलणारा वाराही तोच. हरवलेल्या चेंडूचं तर विचारूच नका. शोधायला पूर्वी पाच मिनिटं होती, २०१९पासून तीन. साडेतीन मिनिटांनी चेंडू पायाखाली सापडला, हातात घेतला, वरची खूणही ओळखली, तरी नियमानं तो हरवलेलाच.

आमच्या इट्टीदांडूत हा घोळ नव्हता, कारण घड्याळच नव्हतं. विटी तुरीत गेली की ती सापडेपर्यंत नाहीतर अंधार पडेपर्यंत शोधायची. नाहीच सापडली तर ज्यानं टोला मारला त्यानं नवी आणायची. बाभळीची विटी तासून घ्यायला सुताराची मनधरणी करावी लागे, म्हणून उद्या टोला जपून मारला जाई. आमची सगळी दंडसंहिता एवढीच.

खरं कोडं पुढं आहे. चेंडू सापडत नाही. तो तळ्यात गेला असेल तर एक नियम लागतो, नुसताच हरवला असेल तर दुसरा, जास्त महागाचा. तळ्यात गेला हे कुणी ठरवायचं? पुस्तक म्हणतं, ते ठाऊक हवं किंवा जवळपास खात्रीचं हवं. आणि जवळपास खात्री म्हणजे काय, तर निदान ९५ टक्के. हा आकडा वाचून मी पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ गप्प बसलो. ज्ञान कशाला म्हणावं यावर नैयायिकांनी आणि बौद्धांनी शतकानुशतकं रात्री जागवल्या, आणि इथं गवतात उभ्या असलेल्या माणसानं मनातली खात्री टक्क्यांत मोजायची! ९४ भरली तर काय करायचं? आसेगावात खात्री नेहमी शंभर टक्के असे. देवाशप्पथ, आईशप्पथ, आणि परीक्षा जवळ आली असेल तर विद्येची शप्पथ. अडचण इतकीच की दोन्ही बाजूंची शंभर-शंभर टक्के असे.

गोल्फ आणि आमचा खेळ इथं वेगळे झाले असं वाटेल, पण मला वाटतं ते इथंच सगळ्यांत जवळ येतात. नियम काय घडलं ते ठरवतच नाही. कुणाचं खरं मानायचं, तेवढं ठरवतो. गोल्फनं ठरवलं, खेळणाऱ्याचं. १९२५च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सनं स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला. फटका मारण्याआधी चेंडू हलला, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या कुणी तो हलताना पाहिला नव्हता. तो दंड नसता तर स्पर्धा त्यानं जिंकली असती. दंडामुळं बरोबरी झाली आणि फेरसामन्यात तो विली मॅकफार्लनकडून हरला. शंभर वर्षं जग त्याच्या प्रामाणिकपणाला दाद देतं आहे. माझी शंका वेगळी आहे. त्याला भास झाला असेल तर? न हललेल्या चेंडूचा दंड त्यानं भरला असेल तर? त्याच्यावर विश्वास ठेवायचं एकदा ठरल्यावर हा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही.

मग कॅमेरा आला. एप्रिल २०१७मध्ये अमेरिकेतल्या एएनए इन्स्पिरेशन स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन शेवटच्या दिवशी पुढं होती. आदल्या दिवशी तिनं चेंडू उचलून परत ठेवला तो मूळ जागेपासून किंचित सरकवून, असं घरी बसलेल्या एका प्रेक्षकानं टीव्हीवर पाहिलं आणि कळवलं. खेळ चालू असताना तिला चार फटक्यांचा दंड सांगितला गेला. दोन चुकीच्या जागेचे आणि दोन चुकीच्या गुणपत्रिकेवर सही केल्याचे. सही करताना आपली गुणपत्रिका चुकीची आहे हे तिला कळायला काही मार्गच नव्हता, कारण ती चुकीची झाली दुसऱ्या दिवशी. ती फेरसामन्यात हरली. पुढं नियम बदलले: २०१८पासून प्रेक्षकांचे निरोप घेणं बंद झालं, आणि आता डोळ्यांना दिसू शकत नसेल ते फक्त चित्रफितीत दिसलं तरी धरत नाहीत. म्हणजे घडलं आहे, सिद्धही आहे, तरी घडलं नाही असं धरायचं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. माणसाच्या खेळाला माणसाचा डोळा पुरे.

आमच्याकडं याला आणखी एक तोड होती. टोला लांब गेला की मारणारा दांडूंचा आकडा मागायचा: "साठ!" समोरच्यांना पटलं तर साठ दिले. नाही पटलं तर गलीपासून विटीपर्यंत दांडूनं मोजायचं. साठ भरले तर ठीक, एक जरी कमी पडला तर मारणारा बाद. त्यामुळं मागणारा जपून मागे आणि नाकारणारा जपून नाकारी. ९५ टक्क्यांपेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. खात्री किती आहे ते तोंडानं सांगू नका, तिच्यावर डाव लावा. मोजणारा दांडू ढेकळांवरून कसा फिरवतो, यावर पुन्हा भांडण होईच, पण ते मोजमापाचं भांडण, श्रद्धेचं नव्हे.

आता कुणी म्हणेल, गोल्फच्या पुस्तकात निदान जन्ममृत्यूचे प्रश्न नाहीत. आमच्याकडं तेही आहेत. कबड्डीत बाद झालेल्याला मेला म्हणतात, आणि मेलेल्याचं पुढं काय होतं यावरून महाराष्ट्रात कबड्डीचे तीन प्रकार झाले. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी मेला की आपला एक मेलेला उठतो. शुक्राचार्यांची विद्या थेट मैदानात. आज जगभर खेळतात ती कबड्डी याच वळणाची. गामिनीत मेला तो मेला. सगळा संघ संपेपर्यंत बाहेर बसायचं. आणि अमरमध्ये गडी मरतो, प्रतिपक्षाला गुण मिळतो, पण तो मैदान सोडत नाही, तिथंच पुन्हा खेळायला लागतो. तीन नियमांत तीन दर्शनं आली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. समोर बसलेल्या जर्मन प्रेक्षकांना गडी मेला म्हणजे नक्की काय झालं हे कसं समजावलं असेल, याचं मला फार कुतूहल आहे.

या तिन्हींवर ताण म्हणजे कच्चा लिंबू. थोरल्या भावाच्या मागं रडत आलेलं धाकटं पोरगं. त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, दांडूही हातात द्यायचा. पण ते बाद झालं तरी बाद नाही आणि त्याचे गुण धरायचे नाहीत. ते खेळतंय का? त्याला विचारा, जीव तोडून खेळतंय. आम्हाला विचारा, नाही. गोल्फमध्ये कमी कुवतीच्या खेळाडूला सवलतीचे फटके मिळतात, पण ती हिशेबाची गोष्ट झाली. असून नसलेला खेळाडू त्यांना सुचला नाही. आणि कच्च्या लिंबाला आपण कच्चा लिंबू असल्याचं ज्या दिवशी कळे, त्या दिवसापासून त्याला तसं खेळवता येत नसे.

राहता राहिली फुटक्या विटीची गोष्ट. जुनी, चिरलेली विटी. टोला बसला आणि तिचे हवेतच दोन तुकडे झाले. एक तुकडा झेलला गेला, दुसरा लांब मातीत पडला. झेलणारे ओरडले, बाद! मारणारा म्हणाला, विटीला दोन टोकं असतात, तुमच्या हातातल्या लाकडाला एकच आहे, तेव्हा तुम्ही झेललं ती विटी नव्हे. झेलणाऱ्यांनी विचारलं, मग तू टोला मारलास तो कशाला? एकानं अर्धा बाद द्यायची तडजोड सुचवली. अर्धा बाद माणूस पुढं खेळणार कसा, हे त्यालाही सांगता येईना. अंधार पडला आणि सगळे घरी गेले.

गोल्फच्या पुस्तकात याचं उत्तर आहे. फटक्यानं चेंडू फुटून तुकडे झाले तर तो फटका मोजायचा नाही, दंडही नाही, त्याच जागेवरून पुन्हा खेळायचं. (इंग्लंडमधल्या रिचमंड क्लबानं १९४०मध्ये, आकाशातून जर्मन बॉम्ब पडत असताना, फटका मारतानाच बॉम्ब फुटला तर पुन्हा खेळायची परवानगी दिली होती, पण एक फटका दंड घेऊन. चेंडू फुटला तर माफ, बॉम्ब फुटला तर दंड.) माझा निकाल विचाराल तर इथं गोल्फवाल्यांचं बरोबर आहे: टोला रद्द, गडी बाद नाही, पुन्हा मारायचं. नवी विटी कुणी आणायची हे त्यांच्या पुस्तकात नाही. ती आमच्या नियमानं ज्यानं टोला मारला त्यानं आणावी. तुमच्या गावात याचा वेगळा निकाल लागत असेल तर तो कुठंतरी लिहून ठेवा. पोरं आता इट्टीदांडू फारशी खेळत नाहीत, आणि हे निकाल ज्यांना पाठ आहेत त्यांची वयं झाली आहेत.