रायपूरमध्ये पहिला फ्लॅट घेताय? आधी जमीन, हवा आणि अंतर बघा

फ्लॅट बघायला गेलात की आधी काय दाखवतात? ग्रॅनाइटचा ओटा, चकचकीत फरशी, मॉड्युलर कपाटं आणि बाल्कनीतून दिसणारी हिरवळ. सगळं छानच असतं. पण फरशी चार वर्षांनी बदलता येते, ओटा नवा बसवता येतो, भिंतींना हवा तो रंग देता येतो. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन, तिथली हवा आणि तिथून कामाच्या जागेपर्यंतचं अंतर मात्र कितीही पैसे ओतले तरी बदलत नाही. वीस वर्षांचा हप्ता आपण खरं तर या तीन गोष्टींसाठी भरत असतो.

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून रायपूरला आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. कोणी एम्समध्ये, कोणी रेल्वेत, बँकेत, कोणी पोलाद कारखान्यात, कोणी मंत्रालयात. नागपूर इथून 300 किलोमीटरच्या आत, त्यामुळे शहर फारसं परकं वाटत नाही. दोन-तीन वर्षं भाड्याने काढली की घरात विषय निघतोच, ‘भाडं भरण्यापेक्षा हप्ता का भरू नये?’ प्रश्न योग्य आहे. फक्त त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. कुठे?

नावं वाचायला शिका

रायपूर हे मुळात तलावांचं शहर. बुढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध, कंकाली तालाब अशी नावं आजही रोजच्या बोलण्यात आहेत. काही तलाव उरले, काही आक्रसले, काहींच्या जागी मैदानं आणि वस्त्या आल्या. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगढ राज्य झालं, रायपूर राजधानी बनलं आणि शहर चारही दिशांनी शेतांमध्ये पसरत गेलं. जुनी शेतं, बांध, डबरी आता कॉलन्यांच्या खाली आहेत. नावं मात्र टिकून आहेत, आणि ती बरंच काही सांगतात.

‘पारा’ म्हणजे मोहल्ला. बुढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा या शहराच्या जुन्या, दाट वस्त्या. ‘बांधा’ किंवा ‘बंध’ आलं की तिथे तलाव आहे किंवा होता असं समजून चालावं. ‘डबरी’ म्हणजे छोटं तळं, म्हणजे पुन्हा पाणी. ‘डीह’ म्हणजे जुन्या गावठाणाची जागा, बहुधा आजूबाजूपेक्षा जरा उंच. ‘भाठा’ म्हणजे मुरमाड, पडीक, पाणी न धरणारी जमीन. ‘नाका’ म्हणजे एके काळची शहराची हद्द. पचपेढी नाक्यावर आज उभे राहिलात तर शहर इथे संपत होतं यावर विश्वास बसत नाही.

छत्तीसगढचे शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतात: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार म्हणजे आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, चिकण जमीन. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. धानाला ती उत्तम, पण इमारतीचा पाया तिच्यावर असेल तर तो तितका खोल आणि विचारपूर्वक घातलेला हवा. म्हणून बिल्डरला बेधडक विचारा, ‘माती परीक्षणाचा अहवाल आहे का?’ चांगला बिल्डर या प्रश्नाने चिडत नाही, अहवाल काढून दाखवतो.

अर्थात नाव हा पुरावा नव्हे. बंध नावाच्या वस्तीत कोरडी गल्ली असू शकते आणि भाठा नावाच्या वस्तीत गुडघाभर पाणी. नाव ऐकून काय विचारायचं ते कळतं. उत्तर जागेवर जाऊनच मिळतं.

जुनं शहर: सोबत आहे, जागा नाही

बुढा तालाबाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. विवेकानंद 1877 ते 1879 या काळात, किशोरवयात, बुढापाऱ्यात राहिले होते. जवळच सप्रे शाळा आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले. 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक त्यांनी सुरू केलं, टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं आणि 1926 मध्ये रायपूरलाच त्यांचं निधन झालं. भोसल्यांच्या काळापासून मराठी माणूस या मातीत रुजत आला आहे. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे गणपती बसतो, मराठी कानावर पडतं. सासू-सासरे किंवा आई-बाबा सोबत राहणार असतील तर ही गोष्ट छोटी समजू नका. दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या माणसाला बोलायला कोणी असणं ही सोय कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

या भागात बाजार, दवाखाना, देऊळ, शाळा पायी अंतरावर. सामान आणायला गाडी काढावी लागत नाही. पण गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही, नवे प्रकल्प कमी. बरेचसे फ्लॅट जुने, पुनर्विक्रीचे. लिफ्ट आहे का, गच्ची गळते का, पाण्याचे पाइप कधी बदलले, सोसायटीची नोंदणी झाली आहे का, हे पाहूनच पुढे जा. जुन्या शहरात काही जमीन नजूलची, म्हणजे सरकारी मालकीची, पट्ट्याने दिलेली असते. तिची मुदत आणि अटी आधी तपासून घ्या.

पूर्व आणि दक्षिण: शहर जिकडे धावतंय

तेलीबांध्याच्या काठी आता संध्याकाळी गर्दी असते. लोक त्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात. तिथून पुढे विमानतळाकडे जाणारा व्हीआयपी रोड, जवळचं अमलीडीह आणि धमतरी रस्त्याच्या बाजूचं कमल विहार, म्हणजे आताचं कौशल्या विहार. कमल विहार ही रायपूर विकास प्राधिकरणाची योजना. सेक्टर आखलेले, रस्ते आधी काढलेले. खासगी कॉलनीत घरं आधी येतात आणि रस्ता मागून येतो, तसं इथे नाही. मात्र आखलेला सेक्टर आणि नांदता सेक्टर यांत फरक असतो. संध्याकाळी सात वाजता जाऊन किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. दूधवाला येतो का, रिक्षा मिळते का, ते विचारा.

त्याही पुढे नवा रायपूर. रुंद रस्ते, झाडं, मोकळी हवा. 2012 पासून मंत्रालय तिथे आहे. ज्यांची कचेरी तिथेच आहे त्यांच्यासाठी हिशोब सोपा. पण घरातल्या दुसऱ्या माणसाचं काम शहरात असेल तर?

अंतराचा हिशोब कोणाच्या नावावर?

समजा, पतीची नोकरी टाटीबंधला एम्समध्ये आणि पत्नीची नवा रायपूरला. दोन्ही ठिकाणांत 25 ते 30 किलोमीटरचं अंतर. टाटीबंधला घर घेतलं तर पत्नीचे रोज जाऊन-येऊन दोन तास रस्त्यावर. वर्षाचे 250 कामाचे दिवस धरले तर 500 तास. म्हणजे रात्रंदिवस मोजले तरी जवळपास 21 दिवस. आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर कुकर कोण लावणार, मुलाचा अभ्यास कोण घेणार, हेही बहुतेक घरांत ठरलेलंच असतं.

म्हणून घर ठरवताना कागदावर घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. प्रत्येकापुढे त्याचा रोजचा प्रवास मिनिटांत मांडा: नोकरी, शाळा, शिकवणी, दवाखाना, भाजी. ज्याच्या वाट्याला सगळ्यात जास्त मिनिटं येतात, त्याला विचारा, ‘चालेल?’ विचारताना उत्तर ‘नाही’ आलं तर ते ऐकायची तयारी ठेवा. कधीकधी दोघांच्या मधलं, म्हणजे पचपेढी नाक्याच्या किंवा तेलीबांध्याच्या आसपासचं लहान घर हे एका टोकाच्या मोठ्या घरापेक्षा सुखाचं ठरतं.

आणि एक लक्षात ठेवा, सोयी जागा बदलतात. पंडरीचं बसस्थानक भाठागावला गेलं. मंत्रालय शहरातून नव्या रायपूरला गेलं. 2025 मध्ये विधानसभाही नव्या इमारतीत गेली. विधानसभा रोड हे नाव मात्र मागे राहिलं. तेव्हा ‘अमुक कार्यालय जवळ आहे’ एवढ्यावर जास्तीचा भाव देऊ नका. शाळा, बाजार, दवाखाना आणि शेजार यांची एकत्र सोय जास्त टिकाऊ असते.

मोवा, सड्डू, कचना या बाजूला जाताना मध्ये रेल्वेमार्ग येतो. तिकडचं घर बघायला दुपारी बारा वाजता जाऊ नका. सकाळी साडेनऊला, कचेरीच्या वेळी, स्वतः गाडी चालवत जा. तेच तुमचं खरं अंतर.

हवा: रुमालाची परीक्षा

शहराच्या उत्तरेला आणि वायव्येला सिलतरा आणि उरला ही औद्योगिक क्षेत्रं. स्पंज आयर्न आणि पोलादाचे कारखाने. अनेकांची रोजीरोटी तिथूनच येते, आणि छतावरची काळी धूळही. थंडीत वारा मंदावला की धूर जमिनीलगत रेंगाळतो. त्या बाजूचं घर स्वस्त मिळत असेल तर स्वस्ताईचं कारण समजून घ्या. पांढरा रुमाल घेऊन गच्चीवर जा, कठड्यावरून आणि टाकीच्या झाकणावरून फिरवा. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा, ‘कपडे बाहेर वाळत घालता का?’ घरात लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर या उत्तराला किमतीपेक्षा जास्त वजन द्या.

तीन वेळा जा

एक, मे महिन्याच्या दुपारी. रायपूरचा उन्हाळा पारा 44-45 अंशांवर नेतो. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा. वरचा मजला असेल तर छताखाली दहा मिनिटं उभे राहा. बोअर उन्हाळ्यात आटतो का, टँकर किती वेळा येतो, त्याचे पैसे कोण भरतं, हे विचारा. शहराला खारून नदीचं पाणी मिळतं, पण बाहेरच्या नव्या कॉलन्यांपैकी कुठे नळ पोचला आहे आणि कुठे नाही, हे तिथे राहणाराच सांगेल.

दोन, जुलै-ऑगस्टमध्ये, मोठा पाऊस पडून गेल्यावर दोन तासांनी. तळघरातलं पार्किंग बघा. भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते बघा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, ‘इहां पानी भरथे का?’ त्याच्याशी छत्तीसगढीत दोन शब्द बोललात तर तो खुलून बोलतो. त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

तीन, रात्री नऊ वाजता. रस्त्यावर दिवे आहेत का, कुत्री किती, लग्नाच्या लॉनचा आवाज घरात येतो का. एकट्या येणाऱ्या मुलीला शेवटचे पाचशे पावलं चालायला कसं वाटेल?

मग कागद

परिसर पटला की कागदांकडे वळा. महाराष्ट्रात सातबारा बघतो, तसे इथे बी-1 आणि खसरा. ‘भुइयां’ या सरकारी संकेतस्थळावर ते पाहता येतात. शेतजमिनीवरची कॉलनी असेल तर निवासी वापरासाठी डायव्हर्शन झालं आहे का, नगर तथा ग्राम निवेश विभागाने नकाशा मंजूर केला आहे का, ते मूळ कागदावर बघा. आपल्याकडचा रेडी रेकनर इथे ‘गाइडलाइन दर’ म्हणून ओळखला जातो.

प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल किंवा त्यात 8 पेक्षा जास्त घरं असतील तर रेराची नोंदणी लागते. छत्तीसगढ रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं नाव घालून बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा अधिकार बिल्डरला नाही. भाव कार्पेट क्षेत्रफळावर मागा. बांधकामात रचनेचा दोष निघाला तर ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची आहे.

बँक 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते. त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरत नाहीत, तो हातात वेगळा ठेवावा लागतो. बँक जितकं देते तितकं घ्यायलाच हवं असंही नाही.

इतकं सगळं केल्यावरही सगळ्या कसोट्यांना उतरणारं घर मिळेलच असं नाही. जुन्या शहरात सोबत मिळेल पण गाडी लावायला जागा मिळणार नाही. नव्या कॉलनीत जागा मिळेल पण दूधवाला मिळणार नाही. काहीतरी सोडावं लागतंच. सोडायचंच असेल तर नंतर दुरुस्त करता येईल असं सोडा. एक खोली कमी चालेल, साधी फरशी चालेल, जिम नसलेली सोसायटीही चालेल. पाणी तुंबणारी जमीन, श्वास अडवणारी हवा आणि घरातल्या एकाच माणसाचा दिवस खाणारं अंतर मात्र घेऊ नका, मग भाव कितीही उतरलेला असो.