तीनशे पिल्लांचे डोळे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबडीच्या पिल्लांवर लेख लिहावा ह्यात वावगे काही नाही, असे माझे मत आहे. नफा, तोटा, घसारा हे शब्द आम्ही दोन वर्षे घोकतो. परंतु ज्या धंद्यातला माल पाणी पितो, थंडीने काकडतो आणि एका रात्रीत डोळे मिटून बसतो, त्या धंद्याचा जमाखर्च मी प्रथम पाहिला तो सुरतेस, मामाच्या शेडमध्ये.

मामा मूळचा अथणीकडचा. वीस वर्षांपूर्वी सुरतेला गेला आणि लूमच्या खात्यात लागला. लूमच्या खडखडाटाने त्याचे कान गेले. पुढे रात्रपाळी झेपेना, तेव्हा त्याने ओलपाडच्या रस्त्याला एका शेतकऱ्याची पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि साठवलेल्या पैशांतून संकरित जातीची तीनशे रंगीत पिल्ले आणली. मामी गडहिंग्लजकडची. तो कानडी बोलतो, ती मराठी, शेजारी अहिराणी, आणि बाजार सगळा गुजराथी. कानडीत कोंबडीला 'कोळी' म्हणतात. मामाने एका धुळेकर शेजाऱ्याला 'तीनशे कोळी आणलेत' असे मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा तो गृहस्थ बराच वेळ छताकडे जाळी शोधत राहिला! माझी शाळा मराठी माध्यमाची आणि आजोळ कानडी, त्यामुळे असले दुभाषाचे काम माझ्याकडे आपोआप येते.

परीक्षा संपवून मी मे महिन्याच्या अखेरीस पोहोचलो, तेव्हा पिल्ले सात दिवसांची होती आणि त्यांना लस द्यायची होती. राणीखेत रोगाची ही लस सुईने नव्हे, तर डोळ्यात थेंब टाकून देतात. रोगाचे नाव कुमाऊंतल्या राणीखेतवरून पडले. 1927 च्या सुमारास तो तेथे आढळला. इंग्लंडात न्यूकॅसल येथे तो 1926 साली दिसला होता, म्हणून तिकडे त्या गावाचे नाव चालते. आपल्या खेड्यांत त्याला मानमोडी म्हणतात, आणि मान मुरगळून पडलेली कोंबडी एकदा पाहिली की हेच नाव सर्वांत खरे वाटते. मी पिल्लू धरायचे, मामीने थेंब टाकायचा, आणि पिल्लाने पापणी मिटून उघडेपर्यंत सोडायचे नाही. कारण थेंब डोळ्यात मुरला पाहिजे. पक्ष्याच्या डोळ्यामागे हार्डर नावाची एक ग्रंथी असते. लस तिला जागी करते, शिवाय डोळ्यातून ती नाकात आणि घशातही उतरते. लसीची बाटली बर्फात ठेवावी लागते. ह्या लसीने माणसाचेही डोळे काही दिवस लाल होऊ शकतात, म्हणून हात धुतल्यावाचून डोळे चोळायचे नाहीत. हे मला तेथेच कळले. तीनशे डोळ्यांत तीनशे थेंब पडेपर्यंत माझे गुडघे बधिर झाले होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पावसाने झोडपायला सुरुवात केली. वाऱ्याबरोबर पाणी आत येऊ लागले, तशी मामाने शेडच्या चारी बाजूंना ताडपत्री जमिनीपर्यंत सोडून बांधली. पिल्ले कोरडी राहिली. खाली पसरलेले भाताचे तूस मात्र कोरडे राहिले नाही. पाण्याची भांडी सांडत होती, विष्ठा साचत होती, आणि तुसाची चपाटी होऊन ढेपा निघत होत्या.

आधी कळले ते मामीला. "आरं, पिल्लांचा आवाज बदललाय बघ," ती म्हणाली. मामाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता आणि मला काही फरक कळेना. दिवा लावून पाहिले तर साठएक पिल्ले कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसलेली, डोळे मिटलेले. दिव्याचा उजेड पडताच ती मान वळवत होती. काहींच्या पापण्या चिकटलेल्या, काहींचे डोळे पाण्याने भरलेले. एक-दोन पिल्ले पंखाच्या सांध्यावर डोळा घासत होती. ज्याला दिसत नाही ते पिल्लू दाण्याकडे जात नाही. रोगाने मरण्याआधी ते उपाशी मरते.

सकाळी शेताचा मालक आला आणि त्याने दारातूनच 'बर्ड फ्लू' हा शब्द उच्चारला. सुरतेच्या माणसाला ह्या शब्दाचे भय कसले आहे ते आपणांस सांगून कळणार नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो ह्याच टापूत, सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या नवापुरात. नवापूर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातले. स्टेशन असे की अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजराथेत. पलीकडचे उच्छल तेव्हा सुरत जिल्ह्यात मोडत असे. पुढे 2007 मध्ये तापी जिल्हा निराळा झाला. दोन्हीकडे मिळून लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. मालक म्हणाला, रात्रीतून विकून टाका, नाहीतर खड्डा काढा. मामा काही बोलला नाही. वही उघडून पिल्लांच्या खरेदीच्या आकड्याकडे पाहत बसला.

मी सरकारी पशुदवाखान्यात गेलो आणि तेथल्या डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टर आत शिरले आणि पिल्लांना हात न लावता उकिडवे बसले. आम्हांलाही बसायला सांगितले. उभे असताना जो वास नुसता जाणवत होता तो जमिनीपासून वीतभर उंचीवर असा नाकात घुसला की माझ्या डोळ्यांतून पाणी आले. "आपण पाच फुटांवर श्वास घेतो, ही चार इंचांवर घेतात," डॉक्टर गुजराथीत म्हणाले. ओल्या विष्ठेतले युरिक आम्ल जंतू कुजवतात, त्यातून अमोनिया निघतो, आणि तो डोळ्याचा पृष्ठभाग अक्षरशः भाजून काढतो. हवेच्या दहा लाख भागांत अमोनिया पंचवीस भागांच्या वर जाऊ देऊ नये म्हणतात. माणसाच्या नाकाला तो कळू लागतो तोच जवळजवळ त्या सुमारास. म्हणजे वास आला की मर्यादा गाठलीच. त्यात पुन्हा रोज आत वावरणाऱ्याचे नाक मरून जाते, त्याला काही वाटतच नाही.

मग त्यांनी पिल्ले एकेक करून तपासली. मला ही तपासणी आमच्या हिशेबतपासनिसासारखी वाटली. काय आहे ह्याच्या इतकेच काय नाही हे पाहणारी. चेहरा सुजून नाकातून दुर्गंधी येत असती तर ती जंतूची सर्दी. डोळ्याच्या कोपऱ्यात फेसाचे बुडबुडे आणि श्वासात घरघर असती तर मायकोप्लाझ्मा. पापण्यांवर आणि तुऱ्यावर खपल्या असत्या तर देवी. ती डास पसरवतात आणि तिची लस पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. ह्यातले काही नव्हते. दोन्ही डोळे, एकाच वेळी, पुष्कळ पिल्लांचे, आणि जास्त करून बंद कोपऱ्यातल्यांचे. बर्ड फ्लूविषयी विचारताच म्हणाले, "तो असता तर तुम्ही आज डोळे मोजत बसला नसता, मढी मोजली असती." तरीही एकाएकी खूप पिल्ले मरू लागली तर कोणालाही न विकता ताबडतोब कळवा, हे त्यांनी दोनदा बजावले.

सात-आठ पिल्लांच्या पापणीखाली मात्र चुनखडीसारखा पांढरा, घट्ट घाण साचला होता. दाणा काय देता, असे त्यांनी विचारले. मामा खाद्याचे पैसे वाचवण्यासाठी निम्मी तांदळाची कणी आणि पांढरी ज्वारी मिसळत होता. ह्या दोहोंत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच. ते नसले की डोळ्याचे आतले अस्तर कोरडे पडते, अश्रूंची वाट बुजते आणि असा खडा धरतो. पिवळा मका, लसूणघास, शेवग्याचा पाला ह्यांत ते भरपूर मिळते. शेवगा तर शेडच्या मागेच उभा होता!

मामाने गल्ल्यावर विचारून आणलेली डोळ्यांच्या थेंबांची बाटली डॉक्टरांनी वाचली आणि बाजूला ठेवली. तीत स्टिरॉइड होते. बुबुळावर व्रण असताना ते घातले तर व्रण चिघळून डोळा जातो. क्लोरॅम्फेनिकॉलचे मलमही नको, कारण खाण्यासाठी पाळलेल्या पक्ष्यांत त्याला मनाई आहे. ज्यांच्या डोळ्यात पू दिसत होता तेवढ्यांसाठी त्यांनी निराळे मलम लिहून दिले. बाकीच्यांना काय? लिटरभर पाणी उकळून गार करायचे, त्यात नऊ ग्रॅम मीठ घालायचे, कापसाच्या बोळ्याने डोळा पुसायचा, आणि प्रत्येक डोळ्याला नवा बोळा. खडा ओढून काढायचा नाही. भिजवून, सैल करून काढायचा. आजारी पिल्ले वेगळी, सावलीत, आणि दाणापाणी चोचीजवळ. आम्ही तिघे दिवसातून दोनदा हे करत होतो. कानडीत "कण्णु बिडो, कण्णु बिडो" म्हणजे डोळा उघड रे, अशी मामाची विनवणी चाललेली असे.

पण डॉक्टरांच्या मते हे सगळे दुय्यम होते. गादी बदला, हवा आत येऊ द्या, नाहीतर मी पुन्हा येणार नाही, ही त्यांची खरी चिठ्ठी. ओल्या ढेपा खरवडून बाहेर टाकल्या. मामाने आदल्याच दिवशी तुसावर चुना पसरला होता, सगळेच पसरतात म्हणून. ओल्या गादीवर चुना पडला की अमोनिया उलट जोराने सुटतो. पिल्ले आत असताना त्याऐवजी सुपर फॉस्फेट वापरावे, ते वायू बांधून ठेवते. भातगिरणीतून कोरडे तूस आणले. पाण्याची भांडी विटांवर चढवून पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणली, म्हणजे सांडणे थांबले. ताडपत्री वरून हातभर मोकळी सोडली.

ती मोकळी ठेवणे हेच सर्वांत अवघड निघाले. पाऊस आला की खाली ओढायची, थांबला की वर गुंडाळायची. आणि सुरतेचा पाऊस रात्री किती वेळा येतो-जातो ते मामीला विचारावे. मामाला पावसाचा आवाज येत नसे. मला जाग येईपर्यंत ती परत येऊन निजलेली असे. पहाटे तूस हलवून घेणेही तिच्याचकडे.

मामासाठी मी त्या महिन्याचे हिशेब नीट मांडून दिले. खर्चाच्या बाजूला मलम, कापूस, तूस, मका, सुपर फॉस्फेट. त्याखाली मी 'रात्रपाळी, मामी' अशी ओळ घातली. घरच्या माणसाच्या श्रमाचीही किंमत धरावी असे आमच्या पुस्तकात आहे. मामा म्हणाला, "घरच्या माणसाची मजुरी कसली मांडतोस?" मी म्हटले, "मामा, तुम्ही लूमवर रात्रपाळीचे पैसे घेत होता की." तो हसला, पण ओळ त्याने खोडली नाही. आकड्याची जागा कोरीच राहिली. मलमाचा खर्च सर्वांना दिसतो, त्याची पावती असते. न झालेल्या रोगाची पावती कोण देणार?

अकरा पिल्ले गेली. बाकीची आठ-दहा दिवसांत डोळे उघडून दाण्यावर तुटून पडली. पुढे ती विकली गेल्याचे फोनवर कळले. दोन तलंगा मात्र व्यापाऱ्याने नेल्या नाहीत. त्यांच्या एका डोळ्यावर पांढरा वडस राहिला आहे. त्या मामीने ठेवून घेतल्या आणि दिवाळीनंतर अंड्यावर आल्या. त्यांना दाणे टाकताना मामी आधी वळसा घालून त्यांच्या दिसत्या बाजूला जाते.