ऊद, लुबान आणि आमचा नाताळ

"मस्कतला नाताळ कसा असतो रे?" असं गावाकडचं कुणी ना कुणी दरवर्षी फोनवर विचारतं आणि दरवर्षी मी एकच उत्तर देतो, "घरात असतो." त्यांना वाटतं मी टाळतोय. पण खरंच तसंच आहे.

म्हणजे डिसेंबर उजाडला की हायपरमार्केटात प्लास्टिकची झाडं आणि प्लम केक येतात, त्याला काही तोटा नाही. पण २५ डिसेंबरची इथे सरकारी सुट्टी नसते. कित्येक नाताळांच्या सकाळी मी हेल्मेट घालून साइटवर उभा होतो. चर्च आहे. रुवीला सुलतान काबूस यांनी दिलेल्या जमिनीवर प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशी दोन्ही चर्चेस आहेत, आणि शुक्रवारी तिथे इंग्रजी, मल्याळम, तमिळ अशा भाषांच्या उपासना पाठोपाठ चालू असतात. पण सामूहिक उपासना व्हायची ती सरकारने मान्य केलेल्या आवारातच. चार कुटुंबं जमवून कुणाच्या फ्लॅटमध्ये प्रार्थनासभा भरवायची नाही आणि गाणी म्हणत दारोदार फिरायचं तर नाहीच. तक्रार म्हणून सांगत नाही. पाहुण्याने घरच्यांचे नियम पाळावेत, एवढं आम्हाला कळतं. पण याचा एक परिणाम होतो, तो इथे येईपर्यंत माझ्या लक्षात आला नव्हता.

मी नगरचा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ साली आलं, त्यामुळे आमच्याकडे नाताळ म्हणजे अख्ख्या वस्तीचा कारभार. पंधरा दिवस आधीपासून करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. रात्री ढोलकी-टाळ घेऊन गाणाऱ्यांची टोळी दारात. या सगळ्यात माझ्या आईवडिलांना मला धर्म असा शिकवावाच लागला नाही. ते काम संडे स्कूल, पाळकसाहेब, गाणारी टोळी आणि नाताळचं नाटक यांनी परस्पर केलं. नाटकात मी ओळीने तीन वर्षं मागी होतो. म्हणजे पूर्वेकडून ताऱ्याच्या मागे मागे आलेला ज्ञानी पुरुष. डोक्याला वडिलांचा फेटा, खांद्यावर आईची शाल आणि हातात 'ऊद' म्हणून बॉर्नव्हिटाचा रिकामा डबा.

इथे टोळी नाही, नाटक नाही, आजी नाही. मुलं मस्कतलाच जन्मली. थोरला सात वर्षांचा झाला तेव्हा एकदा सहज विचारलं, "नाताळ म्हणजे काय?" तो म्हणाला, "केक आणि चर्चमध्ये पार्किंग मिळत नाही तो दिवस." बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं भाषांतर करायची गरज नाही.

मग आम्ही ठरवलं, नाताळाआधीचे चार आठवडे, ज्याला आगमनकाळ म्हणतात, रोज जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं. टेबलावर एक मेणबत्ती, दर आठवड्याला एक वाढवायची. मराठी बायबलमधला दहा-बारा ओळींचा तुकडा वाचायचा आणि मग प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा. आईबाबांनीसुद्धा. प्रवचन द्यायला बंदी. "माहीत नाही" हे उत्तर चालेल, पण "गप्प बस" चालणार नाही. हा शेवटचा नियम बायकोचा, आणि तोच सगळ्यात महागात पडला.

कारण तिसऱ्या आठवड्यात मत्तयाच्या शुभवर्तमानातली मागी लोकांची गोष्ट आली. मी वाचलं : सोनं, ऊद आणि गंधरस. थोरला लगेच म्हणाला, "बाबा, ऊद म्हणजे लाकूड. मतरहच्या बाजारात मिळतं, खूप महाग असतं. हे चुकीचं लिहिलंय."

आता गंमत बघा. पोराचं त्याच्या जागी बरोबर होतं. अरबीत ऊद म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड. आपण मराठीत ऊद म्हणतो तो निखाऱ्यावर टाकायचा डिंक. आणि मागी लोकांनी आणला तो तिसराच पदार्थ, इथला लुबान. हिब्रूत त्याला 'लेवोना' म्हणतात. लेवोना आणि लुबान एकाच मुळातून आलेले शब्द आहेत, मूळ अर्थ पांढरा. तो लुबान होतो ओमानच्या दक्षिणेला, धोफारमध्ये. खडकाळ माळावरच्या बुटक्या झाडांची साल खरवडतात, आतून दुधासारखा चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. पहिल्या खेपेचा माल हलका, पुढच्या खेपांचा चांगला, आणि त्यातही 'होजारी' म्हणजे हापूसच समजा. सलालाहजवळ सुमहुरम नावाच्या जुन्या बंदराचे अवशेष आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथून लुबान जहाजांवर चढायचा. तिथल्या उत्खननात भारतातून आलेल्या वस्तूही सापडल्या आहेत. २००० साली युनेस्कोने हा सगळा लुबानचा मुलूख जागतिक वारशात घेतला. म्हणजे मी ज्याच्यासाठी बॉर्नव्हिटाचा डबा धरून उभा राहायचो, ती वस्तू माझ्या पोरांच्या जन्मगावी किलोवर मिळत होती!

त्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मतरहच्या बाजारात गेलो. एकाच गल्लीबोळात सोन्याची दुकानं, लुबानची पोती आणि गंधरससुद्धा. त्याला इथे 'मुर्र' म्हणतात, म्हणजे कडू. धाकटीने एक खडा जिभेला लावून खात्री करून घेतली. दुकानदार म्हातारे ओमानी गृहस्थ, हिंदी झकास बोलणारे. कशासाठी हवाय म्हणून त्यांनी विचारलं. थोरल्याने सांगून टाकलं, "ईसाच्या वाढदिवसाला." ते हसले. म्हणाले, आमच्या कुराणातही मरियमच्या नावाचा अध्याय आहे, त्यात ईसाचा जन्म खजुराच्या झाडाखाली होतो. आणि मूठभर लुबान वरून घातला. गाडीत बसल्याबरोबर प्रश्न आला, "गोठा खरा की खजुराचं झाड?" मी म्हटलं, आपल्या पुस्तकात गव्हाणी आहे, त्यांच्या पुस्तकात खजूर आहे, आणि आजोबांनी लुबान जास्त दिला तो दोन्हीकडे चालतो. एवढ्यावर निभावलं.

खरी अडचण घरी आली. धाकटी म्हणाली, "आता नाताळच्या रात्री हा जाळायचा ना?"

आणि मी गप्प झालो. कारण आमच्या घरात ऊद कधीच जळला नाही. माझी आजी तो वास आला की खिडकी लावून घ्यायची. लहानपणी तिचा भाऊ तापाने आजारी पडला, तेव्हा घरच्यांनी डॉक्टर सोडून देवऋषी आणला. रात्र रात्र ऊद जळायचा, कोंबडी गेली, उसने पैसे गेले आणि पोरगाही गेला. पुढे ते घर ख्रिस्ती झालं तेव्हा उंबऱ्याबाहेर काय ठेवायचं, यात तिच्या लेखी ऊद पहिला होता. काय आत आणायचं आणि काय बाहेर ठेवायचं, हा प्रश्न आमच्या समाजात तसा जुनाच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-कीर्तन चर्चमध्ये आणलं म्हणून आज आम्ही टाळ वाजवतो. पण टाळ आत आले आणि ऊद बाहेर राहिला, निदान आमच्या घरापुरता. आता पोरीला काय सांगू? येशूला जे दिलं गेलं तेच आपल्या घरी वर्ज्य आहे म्हणून?

नगरला आईला फोन लावला. सगळं ऐकून ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुझ्या आजीला वास नको नव्हता, भीती नको होती. तुझ्या पोरांना त्या वासाची भीती वाटते का?"

"नाही. त्यांना तो शाळेच्या दारातला, शेजारच्या घरातला वास वाटतो."

"मग जाळ. पण आजी का जाळत नव्हती, तेही सांग त्यांना. नुसता धूर नको दाखवूस."

नाताळच्या आदल्या रात्री, चर्चमधून आल्यावर, मातीच्या मजमरमध्ये निखारा ठेवला. इंजिनिअर असल्यामुळे स्मोक डिटेक्टरची आठवण मला आधीच झाली होती, म्हणून बाल्कनीचं दार सताड उघडं. दोन खडे टाकले. धूर आधी सरळ वर गेला, मग पंख्याने पसरला. मी मुलांना आजीच्या भावाची गोष्ट सांगितली. धाकटीने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?" मला माहीत नव्हतं. पहिल्यांदाच लाज वाटली. उत्तर आलं नाही म्हणून नाही, हा प्रश्न मी आजीला कधी विचारलाच नव्हता म्हणून.

मग मत्तयाचा तोच उतारा पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. आणि थांबलो. मागी लोक गोठ्यात गेले असं तिथे लिहिलेलंच नाही. ते घरात गेले असं लिहिलंय. ते तीन होते असंही नाही आणि राजे होते असंही नाही. तीन वर्षं स्टेजवर मी गवताच्या गोठ्यासमोर गुडघे टेकले आणि ही ओळ कधी वाचलीच नव्हती. नाटकाने गोष्ट माझ्या हातात तयार दिली होती, उघडून बघायची वेळच आली नाही. इथे कुणी तयार देणारं नव्हतं म्हणून उघडावी लागली. लुबानचा तो डबा एका साध्या घरात उघडला गेला, जिथे आई होती आणि तिचं मूल होतं. टोळी नव्हती. वस्तीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाला लुबानचा वास घेऊन मी साइटवर गेलो. फोरमन ओमानी. त्याने हुंगून बघितलं आणि म्हणाला, "होजारी?" मी मान हलवली.

जानेवारीत नगरला जाणाऱ्या एका मित्राबरोबर पाव किलो आईकडे पाठवला. तिने तो अजून जाळलेला नाही. कपाटात, आजीच्या बायबलशेजारी ठेवलाय म्हणे. आणि आजीच्या भावाचं नाव ती आता गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरतेय. कळलं की धाकटीला सांगायचंय.