नोकरी आणि हौस

वास्तुविद्येची पदवी हाती आली, तेव्हा आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, मुंबईतील बहुमजली इमारतींचे नकाशे काढण्याची पगारी नोकरी; दुसरी, गोमंतकातील देवालयांची मोजमापे घेत हिंडण्याची बाळपणापासूनची हौस. शिक्षणासाठी काढलेले कर्ज वडिलांच्या शिरावर होते. आम्ही नोकरी पत्करली.

हौस मात्र सुटली नाही. सुटीत गावी आलो, की टेप आणि वही घेऊन आम्ही देवळाची वाट धरतो. कुठ्ठाळीहून १५६० साली प्रियोळास आलेल्या श्रीमंगेशाचेच देऊळ पाहा. घुमटाला मुसलमानी वळण, कमानी-खिडक्यांना युरोपीय, सातमजली दीपमाळेला मराठी! ज्या राजवटीच्या धाकाने देव हलवावा लागला, तिच्याच घडणीची कमान गवंड्यांनी निःशंकपणे देवापुढे उभी केली. पोटाचा धंदा निराळा व मनाची आवड निराळी, असा भेद त्यांनी केला असेल, असे वाटत नाही.

आज लहानशा बिऱ्हाडाचा नकाशा काढतानाही ऊन कोठून येईल, आषाढातले पाणी कोणत्या उताराने जाईल, हा विचार प्रथम मनात येतो. तो त्या अनाम गवंड्यांनी शिकविला. कर्ज यंदा फिटेल. पुढे कोणती वाट धरावी, हे अद्याप ठरलेले नाही. वही मात्र भरत चालली आहे.