आवाज अडला कुठे?

तेरजेच्या दोन बाजू जुळेनाशा झाल्या की पेढीवर दोन प्रकारची माणसे ओळखू येतात. पहिल्या प्रकारचा मनुष्य तत्काळ नाव विचारतो: काल गल्ल्यावर कोण होते, कीर्द कोणी लिहिली? दुसरा कोणाचेही नाव न काढता फरकाची रक्कम कागदावर लिहून घेतो. ती दोनाने भागून पाहतो, कारण जमेची नोंद नावे पडली असेल तर फरक दुप्पट दिसतो. नवाने निःशेष भाग गेला तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली असावी असा तर्क करतो. मग खतावणी पानापानाने तपासत जातो. चूक बहुधा या दुसऱ्यालाच सापडते. आणि ती सापडेपर्यंत कोणा निरपराध माणसाचे मन दुखावलेले नसते.

संगणकाचा आवाज बंद पडणे ही तशी किरकोळ बाब. परंतु ती शोधण्याची रीत तेरीज जुळविण्याच्या रीतीहून वेगळी नाही, आणि ती रीत सुटली तर होणारे नुकसानही तेच.

हा विषय अलीकडे अनेक व्यापारी घरांत आला आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुढील आवृत्तीच्या अटी कित्येक जुन्या संगणकांना पूर्ण करता येईनात. चालते यंत्र टाकून देणे व्यापारी मनाला पटत नाही. त्यामुळे काही घरांनी लिनक्सची वाट धरली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्याचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला, ती ही प्रणाली. तिचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला असतो आणि तिची बहुतेक रूपे विनामूल्य मिळतात.

सांगलीच्या हळद बाजारात अडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबात नातवाने पेढीवरच्या जुन्या संगणकावर अशीच उबुंटू प्रणाली बसवून दिली आणि तो शिक्षणासाठी पुण्यास गेला. हा संगणक मुख्यतः अण्णांचा. वय ऐंशीच्या पुढे, काचबिंदूमुळे दृष्टी जवळजवळ गेलेली. परंतु स्मरण तल्लख आणि बाजारभावाची ओढ कायम. प्रणालीत ऑर्का नावाचा पडदावाचक असतो. पडद्यावरील अक्षरे तो बोलून दाखवितो. त्याच्या आधारे अण्णा रोज सकाळी भाव ऐकत, आलेली पत्रे ऐकत आणि दुपारी उधारीची यादी ऐकून कोणाला आठवण करावयाची ते सांगत. दृष्टी गेल्यावरही पेढीवरील त्यांची जागा या आवाजाने राखली होती.

एके दिवशी थोरल्या चिरंजीवांनी जुना पडदा काढून नवा लावला आणि दुसऱ्या सकाळी यंत्र मुके झाले. पडदा स्वच्छ उजळलेला होता. परंतु अण्णांच्या लेखी संगणक बंदच होता.

मग मते निघू लागली. फुकट मिळालेली वस्तू कधीतरी दगा देणारच, असे थोरल्यांचे म्हणणे पडले. सकाळी केर काढणाऱ्या पोऱ्याने वायर ओढली असणार, असे दिवाणजींना वाटले. तो पोऱ्या कामावर लागून तीनच आठवडे झाले होते. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने दूरध्वनीवरूनच निकाल दिला की सगळे पुसून प्रणाली नव्याने बसवा. अण्णा एवढेच म्हणाले, “राहू द्या रे, माझ्यासाठी कशाला खर्च?” त्यांच्या या वाक्याने धाकट्या सूनबाई अस्वस्थ झाल्या. पेढीचे हिशेब त्याच पाहत. “अण्णा, आजचा दिवस द्या मला,” असे म्हणून त्यांनी नातवाला फोन लावला आणि एक कोरा कागद घेतला.

नातवाने त्यांना प्रथम आवाजाचा प्रवास समजावून दिला. हळद शेतकऱ्याकडून निघते, अडत्याकडे येते, तेथून वाहतूकदार ती उचलतो आणि मग ती खरेदीदाराच्या गोदामात पोहोचते. लिनक्समधील आवाजाचेही तसेच. गाणे वाजविणारा किंवा पडदा वाचणारा प्रोग्राम हा उत्पादक. त्याचा माल पाइपवायर नावाच्या अडत्याकडे येतो. एकाच वेळी अनेक प्रोग्रामांचा आवाज घेणे आणि कोणता कोठे धाडावयाचा हे ठरविणे त्याचे काम. त्याच्याखाली अल्सा हा वाहतूकदार. ध्वनी-कार्डाशी थेट बोलणारा. त्यापुढे कार्ड, कार्डाचे छिद्र, वायर आणि शेवटी स्पीकर.

ही रचना एका दिवसात उभी राहिलेली नाही. अल्साचे काम यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केले आणि २००३ अखेर आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत ते जुन्या व्यवस्थेच्या जागी आले. अडत्याचे काम २००४ पासून विकसित झालेल्या पल्सऑडिओने अनेक वर्षे सांभाळले. पुढे विम टायमन्स यांनी पाइपवायर घडविले. उबुंटूने ते २०२२ च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून आवाजासाठी मुख्य म्हणून स्वीकारले. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील उपाय आजच्या यंत्राला लागू पडतीलच असे नाही. टप्पे मात्र तेच राहिले आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर माल पोहोचला की नाही हे स्वतंत्रपणे पाहता येते.

सूनबाईंनी कागदावर टप्पे लिहिले आणि शेवटून सुरुवात केली. स्पीकरची पिन संगणकातून काढून मोबाइलला लावली. आवाज खणखणीत आला. स्पीकर व त्याची वायर निर्दोष ठरली; वायर ओढून तुटली असेल ही शंका फिटली, आणि तसे त्यांनी दिवाणजींना ऐकू जाईल अशा स्वरात सांगितले. पिन होती तेथे परत लावली.

मग दुसरे टोक. संगणकावर एक गाणे लावून त्यांनी पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल ही खिडकी उघडली. पाइपवायर आले तरी ती उपयोगी पडते. तिच्यातील प्लेबॅक या पानावर गाण्यापुढची पट्टी तालावर हलत होती. म्हणजे माल अडत्याकडे येत होता. तो जात कोठे होता? उत्तर त्याच खिडकीत मिळाले: एचडीएमआय. जुना पडदा व्हीजीए वायरीने जोडलेला होता आणि ती वायर केवळ चित्र नेते. नव्या पडद्याची एचडीएमआय वायर चित्र आणि आवाज दोन्ही नेते. प्रणालीने आवाजासाठी ही नवी वाट धरली होती, आणि नव्या पडद्याला स्पीकरच नव्हता. माल नीट रवाना होत होता. पत्त्यावर गोदाम नव्हते.

कॉन्फिगरेशन या पानावर त्यांनी ॲनालॉग स्टिरिओची वाट निवडली. तरीही शांतता.

बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. एक बदल केला, गुण आला नाही, म्हणून माणूस तो उलटवितो आणि दुसरा करतो. पण दोष दोन असतील तर पहिला दूर झाल्याची खूण दिसतच नाही. तेरजेतही दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बरोबर केलेली दुरुस्ती चुकीची वाटू लागते. सूनबाईंनी बदल कागदावर नोंदविला, तो तसाच ठेवला आणि पुढच्या टप्प्यावर गेल्या.

टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून, एफ ६ कळ दाबून त्यांनी ध्वनी-कार्ड निवडले. येथे मुक्या केलेल्या वाहिनीखाली दोन ‘एम’ दिसतात व एम कळ दाबली की ती पुन्हा बोलू लागते. असे चिन्ह कोठेच नव्हते. म्हणजे कार्डाच्या दारापर्यंत सर्व ठीक. त्या पहिल्या खिडकीत परतल्या. आउटपुट डिव्हाइसेस या पानावर लाइन आउटपुढे एक बारीक शब्द होता: अनप्लग्ड. पिन तर लावलेली होती! बॅटरी घेऊन त्यांनी यंत्राच्या मागे पाहिले. पिन गुलाबी छिद्रात होती, आणि ते छिद्र माइकचे. आवाज बाहेर पडतो हिरव्या छिद्रातून. पिन हिरव्यात जाताच तो शब्द नाहीसा झाला आणि ऑर्का बोलू लागला.

पडदा बदलताना मागच्या वायरी कोणी काढल्या आणि कोणी परत लावल्या, हे घरात सर्वांना ठाऊक होते. सूनबाईंनी ते विचारले नाही. थोरले मात्र स्वतः उठले आणि पोऱ्याला चहा सांगून आले.

प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही. निर्गम साधनांच्या यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर प्रणालीला कार्डच ओळखू आलेले नाही. नव्या लॅपटॉपांत ते बहुधा फर्मवेअर अभावी घडते. अद्ययावत केल्यानंतर आवाज गेला असेल, तर संगणक सुरू होताना येणाऱ्या यादीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा. उबुंटूचा पेनड्राइव्ह असल्यास त्यावरून, आतील काहीही न पुसता, संगणक सुरू करता येतो. तेथे आवाज आला तर यंत्र शाबूत असून दोष मांडणीत आहे. आणि सारे पुसून नव्याने बसविण्याचा उपाय अगदी शेवटचा. सांगलीच्या पेढीवर तो केला असता तर दिवसभराचे काम वाया जाऊन पिन गुलाबी छिद्रातच राहिली असती.

एका वेळी एकच बदल, त्याची नोंद, आणि नोंदीपुढे परिणाम: एवढी शिस्त ज्या घरात आहे, तेथे यंत्र बिघडले तरी माणसे बिघडत नाहीत. व्यापारी कुटुंबांना ती परकी नाही; पिढ्यान्‌पिढ्या ती रोजमेळाच्या वहीत पाळली गेली आहे. त्या पेढीवर आता संगणकाची एक वेगळी वही आहे. तारीख, काय बंद पडले, काय बदलले, काय झाले असे चार रकाने. माणसाच्या नावाचा रकाना तिच्यात नाही.