विमानांची छायाचित्रे आणि संपादनाच्या मर्यादा

विमानांची छायाचित्रे काढण्याचा छंद आपल्या देशात आता अपरिचित राहिलेला नाही. दिल्लीत महिपालपूरजवळ महामार्गालगत उभ्या असलेल्या शिवमूर्तीच्या परिसरात, किंवा मुंबईत घाटकोपर-कुर्ल्याच्या वस्तीवरून विमाने उतरतात त्या बाजूला, लांब लेन्स लावलेले कॅमेरे घेऊन तासन् तास थांबणारी तरुण मंडळी दिसतात. नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या शहरांत राहताना या मंडळींशी माझा परिचय झाला आणि हळूहळू मीही त्यांच्यातलाच एक झालो. छायाचित्र कसे काढावे याविषयी त्यांच्यात फारसा वाद होत नाही. काढलेल्या छायाचित्राचे संगणकावर काय करावे, याविषयी मात्र तीव्र मतभेद आहेत. हे मतभेद ऐकताना मला वारंवार आपल्या कार्यालयीन फायलींची आठवण होते. त्या साम्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

या मंडळींतला पहिला पक्ष नोंद ठेवणाऱ्यांचा. त्यांच्या दृष्टीने विमानाचे छायाचित्र म्हणजे एक दप्तर. अमुक नोंदणी अक्षरांचे विमान, अमुक दिवशी, अमुक विमानतळावर, अमुक रंगसंगतीत होते, एवढे त्यातून निर्विवादपणे कळले पाहिजे. एअरलायनर्स डॉट नेट आणि जेटफोटोज यांसारख्या संग्रहांनी या पक्षाला शिस्त लावली. तेथे पाठविलेले प्रत्येक छायाचित्र स्वयंसेवी परीक्षक तपासतात. क्षितिज तिरके आहे काय, विमान चौकटीच्या मध्यावर आहे काय, सेन्सरवरील धुळीचे ठिपके आकाशात उमटले आहेत काय, कडांना प्रमाणाबाहेर धार दिली आहे काय, अशी ही तपासणी असते. साध्या डोळ्यांना न दिसणारे ठिपके शोधण्यासाठी छायाचित्रातील छटा कृत्रिमरीत्या ताणून पाहण्याची युक्तीही या मंडळींत सर्वांना ठाऊक असते. चित्र नाकारले जाते तेव्हा त्याची कारणे कळविली जातात. लेखापरीक्षणाचा आक्षेप वाचण्याची सवय असलेल्या माणसाला त्या कारणांची भाषा मुळीच परकी वाटत नाही.

या नियमांमागे एक साधे तत्त्व आहे. कॅमेऱ्याचा दोष दुरुस्त करावा, जगाचा करू नये. धुळीचा ठिपका कॅमेऱ्यात होता, आकाशात नव्हता. म्हणून तो काढता येतो. विमानासमोर उभा असलेला दिव्याचा खांब मात्र खरोखरच तेथे होता; तो पुसता येत नाही. भर दुपारच्या उन्हात धावपट्टीवरून उठणाऱ्या उष्ण हवेमुळे विमानाची रेषा थरथरल्यासारखी दिसते. त्यावर संपादनात उपाय नाही; धार वाढवली तर ती थरथर अधिकच ठळक होते. सकाळी लवकर जाणे, हा त्यावरचा एकमेव उपाय. १९३७च्या विमान नियमांनी सरकारी विमानतळांवर परवानगीवाचून छायाचित्रण निषिद्ध ठरविले होते. त्यामुळे आपल्याकडील हौशी छायाचित्रकार कुंपणाबाहेरून, दूर अंतरावरून चित्रे काढायला शिकला. अंतर जितके अधिक, तितका या उष्ण हवेचा उपद्रवही अधिक.

दुसरा पक्ष सौंदर्याचा. या पक्षाच्या मते छायाचित्र म्हणजे पंचनामा नव्हे. पाहणाऱ्याला त्या क्षणी जे जाणवले, ते चित्रात उतरले पाहिजे. मी या पक्षाला हलके लेखीत नाही, कारण त्याच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे. एटीआर ७२ हे आपल्याकडील लहान शहरांना जोडणारे विमान घ्या. त्याच्या नव्या आवृत्त्यांच्या पंख्याला सहा पाती असतात आणि उड्डाणाच्या वेळी तो मिनिटाला सुमारे १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेल्या चित्रात पाते जेमतेम सात अंश फिरते. परिणामी पंखा थांबलेला आणि विमान अधांतरी लटकलेले दिसते. हेच चित्र सेकंदाच्या १२५व्या भागात घेतले, तर पाते सुमारे ५८ अंश फिरते, म्हणजे जवळजवळ पुढच्या पात्याच्या जागी पोहोचते आणि पंख्याची चकती दिसू लागते. या दोहोंतले खरे चित्र कोणते? दोन्ही खरीच आहेत, आणि पंखा थांबलेला दाखविणारे चित्र एका अर्थाने अधिक फसवे आहे. कॅमेरा निःपक्षपाती असतो, हा समज येथेच गळून पडतो. शिवमूर्तीला विमान जणू स्पर्श करून जात असल्याची चित्रेही अशीच. ती लांब लेन्सची किमया असते; संगणकाचा तेथे संबंधही नसतो.

तेव्हा किती बदल केला, हा निकष मला पुरेसा वाटत नाही. त्या चित्रावर कोण विसंबून राहणार आहे, हे आधी पाहिले पाहिजे. दिवाणखान्यात लावलेल्या चित्रातला पंखा संगणकावर फिरवला, म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. एअर इंडियाने ऑगस्ट २०२३मध्ये आपली नवी रंगसंगती जाहीर केली, तेव्हा त्या रंगातले पहिले ए-३५० विमान भारतात यायला डिसेंबर उजाडायचा होता. लोकांनी पाहिली ती संगणकावर तयार केलेली चित्रे होती. भविष्यातल्या वस्तूचे चित्र म्हणूनच ती पुढे आली. त्यात कोणाची फसवणूक झाली नाही.

याउलट दोन उदाहरणे पाहावीत. ऑगस्ट २००६मध्ये लेबनॉनमधील युद्धाच्या काळात रॉयटर्सच्या एका मुक्त छायाचित्रकाराने इस्रायली एफ-१६ विमानाचे छायाचित्र पाठविले. विमान क्षेपणास्त्रे सोडत असल्याचे त्यासोबतच्या ओळींत म्हटले होते. प्रत्यक्षात विमानाने सोडलेला तो एकच बचावाचा ज्वालागोळा होता, आणि त्याच्या प्रतिकृती करून तीन दाखविण्यात आले होते. संस्थेने त्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले आणि त्याची सुमारे ९२० छायाचित्रे संग्रहातून काढून टाकली. त्यांतली बहुसंख्य निर्दोष असणे शक्य आहे. परंतु ती कोणती, हे सांगणार कोण?

दुसरे उदाहरण घरचे आहे. डिसेंबर २०१५मध्ये चेन्नईतील पुराची पंतप्रधानांनी हवाई पाहणी केली. त्या वेळी पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केलेल्या एका छायाचित्रात खिडकीतून दिसणारे पूरग्रस्त शहराचे दृश्य दुसऱ्या चित्रातून आणून बसविलेले होते. पाहणी खरी होती, पूर खरा होता, खिडकीही खरी होती. जोड तेवढी कृत्रिम होती. त्या कार्यालयाने चित्र मागे घेतले आणि दोन चित्रे एकत्र केल्याबद्दल खेद व्यक्त केला. जे घडले ते सत्य असतानाही त्याचा पुरावा कृत्रिम केल्यामुळे त्या सत्याचेच मोल कसे घटते, याचे याहून बोलके उदाहरण प्रशासनात सापडणे कठीण.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे जॉर्ज अकेरलॉफ यांचा १९७०चा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध आठवल्यावाचून राहत नाही. चांगली गाडी कोणती आणि वाईट कोणती, हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर चांगल्या गाडीलाही योग्य भाव मिळत नाही आणि प्रामाणिक विक्रेता बाजारातून बाहेर पडतो. छायाचित्रांचेही तसेच होते. संपादित आणि असंपादित यांतला भेद कळेनासा झाला की तोटा प्रामाणिक छायाचित्रकाराचा होतो.

या तोट्याचे गांभीर्य १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेल्या अपघातानंतर सर्वांच्या लक्षात आले असावे. एअर इंडियाचे बोईंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून २६० जणांचा मृत्यू झाला. मोबाइलवर टिपलेली एक अस्पष्ट चित्रफीत देशभर पाहिली गेली. मुख्य वीजपुरवठा बंद पडल्यास विमानाच्या पोटातून बाहेर येणारी, वाऱ्यावर फिरणारी एक लहान पवनचक्की असते. ती त्या चित्रफितीत दिसते की नाही, यावर पुढे वाद रंगला. चौकटी मोठ्या केल्या गेल्या, त्यांना धार दिली गेली, बाण काढले गेले. मुळात जे ठिपके कॅमेऱ्याने टिपलेच नाहीत, ते धार देऊन उत्पन्न होत नाहीत. आजची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ते उत्पन्न केल्यासारखे दाखवतात, पण तो त्यांचा अंदाज असतो. ती पवनचक्की बाहेर आली होती, हे विमान अपघात अन्वेषण विभागाच्या जुलैमधील प्राथमिक अहवालाने सांगितले, आणि त्यासाठी विमानतळावरील सीसीटीव्हीच्या चित्रणाचा आधार घेतला. ज्यांचे आप्त गेले, त्यांना सुबक केलेल्या चित्राचा काय उपयोग? त्यांना हवे होते मूळ चित्रण, जसेच्या तसे.

आता फायलींकडे वळतो. केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेत एक जुना आणि शहाणा संकेत आहे. एकदा लिहिलेल्या टिप्पणीवर कागद चिकटवून ती झाकू नये. मत बदलले असेल तर पुढे नवी टिप्पणी लिहावी आणि आधीची फायलीत तशीच राहू द्यावी. ई-ऑफिसमध्येही हाच विचार आहे. पिवळी टिप्पणी मसुदा असते, ती हवी तितकी सुधारता येते; एकदा पक्की होऊन हिरवी झाली की तिला हात लावता येत नाही. सुधारण्याचा अधिकार या पद्धतीने कोणाचाही काढून घेतलेला नाही. सुधारणा केली हे दिसले पाहिजे, एवढेच तिचे म्हणणे आहे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या प्रकाशनासाठी मुखपृष्ठ निवडताना याचा प्रत्यय आला. एका तरुण सहकाऱ्याने विमानाचे फार देखणे चित्र आणले. मूळ चित्र पाहिल्यावर कळले की विमानाच्या धडाला शिडी लावलेली होती आणि तीन कामगार ते पुसत होते.

"ही माणसं कुठे गेली?" मी विचारले.

"सर, काढली. विमान स्वच्छ दिसावं म्हणून."

"अहो, विमान स्वच्छ दिसतंय ते त्यांच्यामुळेच ना?"

तो हसला. मग त्याने क्षितिज सरळ केले, रंगाची निळसर झाक घालवली, दोन ठिपके पुसले, आणि शिडी व माणसे जागेवर ठेवली. मुखपृष्ठावर तेच चित्र छापले गेले. देखणेपणात ते किंचित कमी असेल, पण त्या कार्यालयाचे काम काय, हे त्यातून अधिक कळत होते.

तेव्हापासून मी स्वतःच्या चित्रांसाठीही एक पद्धत पाळतो. मूळ प्रत वेगळी ठेवतो, तिला कधीही हात लावीत नाही. सुधारलेल्या प्रतीसोबत काय काय केले, ते दोन ओळींत लिहून ठेवतो. छंदासाठी एवढी दफ्तरशाही कशाला, असे मित्र थट्टेने म्हणतात. परंतु आज घरकुलापासून रस्त्यापर्यंत कितीतरी कामांची देयके छायाचित्र पाहून मंजूर होतात, आणि ते चित्र पाहणारा अधिकारी जागेवर क्वचितच जातो. त्याच्या सहीमागे त्या चित्राखेरीज दुसरे काही नसते. चित्र सुंदर करण्याची मुभा प्रत्येकाला असावी. मूळ प्रत मागणाऱ्याला ती दाखविण्याची तयारीही प्रत्येकाने ठेवावी.