दोन गाड्यांमधला वेळ

हंगाम लागला की आमच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची रांग मध्यरात्रीही हटत नाही. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, गाडी गव्हाणीकडे जाते. रिकामी होऊन आली की पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचं निव्वळ वजन. एक गाडी उतरून दुसरी चढेपर्यंतचा वेळ माझा. बैल अडला तर जरा जास्त मिळतो. माझं बहुतेक लिखाण याच वेळात गोळा झालं आहे.

तेवढ्यात लिहून होत नाही, आणि लिहूही नये. टिपावं ते समोरचं: कोण काय बोललं, कुणाच्या हातात काय होतं. मनात आलेला विचार टिपून ठेवला तर घरी जाईपर्यंत तो शिळा होतो. कानावर पडलेलं बोलणं मात्र महिन्यांनी वाचलं तरी त्यातून माणूस उभा राहतो.

एका रात्री पाथर्डीकडच्या टोळीतली बाई खिडकीशी आली. नवरा बैलांपाशी, ही खाली. म्हणाली, "दादा, आकडा मोठ्यानं वाचा." मी वाचला. तिनं पदराच्या गाठीतला कोळसा काढून गाडीच्या लाकडावर रेघा ओढल्या. टनांच्या लांब, उरलेल्या क्विंटलांच्या आखूड. तोडणीचे पैसे टनावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी मुकादमाकडून घेतलेली उचल या रेघांतूनच फिटायची. पुढची गाडी हॉर्न देत होती. बाद पावतीच्या पाठीवर मी एवढंच लिहिलं: 'मोठ्यानं वाचा. कोळसा. लांब रेघ, आखूड रेघ.' तिच्या कष्टांवर चार वाक्यं लिहिली असती तर रेघा राहिल्या असत्या.

लेखनाला सलग निवांतपणा हवा, असं आमच्या नगरात कुणी म्हटलं तर त्याला अहमदनगरच्या किल्ल्याचा दाखला सापडतो. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' 1944 मध्ये तिथंच, एप्रिल ते सप्टेंबर या काळात लिहिलं. मौलाना आझादांची 'गुबार-ए-खातिर'मधली बहुतेक पत्रंही तिथलीच, पहाटेच्या चहासोबत लिहिलेली. पण तो वेळ कैदेनं दिलेला होता. मला जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई टिळक. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नगर-राहुरीकडे संसार केलेल्या. 1934 पासून भागाभागानं आलेल्या त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त कोण काय बोललं, काय रांधलं, कशावरून भांडण झालं, हेच तर आहे. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईनं कान उघडे ठेवले नसते तर ते पुस्तक झालंच नसतं, असं मला मनापासून वाटतं.

माझी पद्धत साधी आहे. थंडीत बॉलपेन अडतं, म्हणून शिसपेन्सिल. चिठ्ठी शर्टाच्या खिशात, आणि सुट्टीच्या दिवशी वहीत उतरवायची. अक्षर आपलंच असलं तरी फार दिवसांनी लागत नाही. मोबाइलवर मी टिपत नाही. त्यात बघायला लागलं की समोरचा माणूस बोलायचा थांबतो.

पावसाळ्यात गाळप बंद असतं, यंत्रांची दुरुस्ती चालते. तेव्हा वही काढून बसतो. यंदा रेघांच्या बाईची गोष्ट घेतली आहे. पहिलं वाक्य तिचंच ठेवलं आहे. दुसरं मुकादमाचं असेल; त्याच हंगामातल्या आणखी एका पावतीच्या पाठीवर त्यानं तोंडी सांगितलेला उचलीचा हिशेब आहे, आणि तो तिच्या रेघांशी जुळत नाही.